वर आपला माणूस

“वर की खाली?”

कोणी भारतात जातोय म्हटलं की काकांचा हा पहिला प्रश्न. मला याचा अर्थ माहीत नव्हता, त्यामुळे आमची ओळख माझ्या बावळटपणानेच झाली.

कुवेतला, एगैलातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये गणपतीची आरती झाली होती. कोणीतरी सांगितलं, हे नाशिकचे काका, शुवैखला मालवाहतुकीच्या कंपनीत मॅनेजर आहेत, विमानाने पाठवणीचं काम तेच बघतात. मी प्रसादाची वाटी घेऊन लगबगीने त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. “काका, खजुराची एक पिशवी होती हो. तुम्ही कोणाला पाठवत असाल, तर त्याच्याबरोबर देता येईल का?”

काकांनी हातातला मोदक शांतपणे संपवला. “मी ज्यांना पाठवतो ना, त्यांच्याबरोबर काही देता येत नाही.”

“का? वजन जास्त होतं?”

बायकोने मागून दंडाला असा चिमटा काढला की वाटी कलंडली. कुवेतमध्ये आपलं कोणी गेलं, की त्याची शवपेटी गावी पोचवायची धावपळ काका करत. नोकरी सांभाळून, कोणी न सांगता. आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असा एक माणूस असतोच. त्याचा नंबर सगळ्यांकडे असतो आणि तो लावायची वेळ येऊ नये असं सगळ्यांना वाटतं.

कागदपत्रं, दूतावास, विमानतळ हे सगळं झालं की काकांचं खरं काम सुरू व्हायचं. त्याच विमानाने जाणारा एखादा मराठी प्रवासी ते शोधून काढायचे. “खाली आपला माणूस आहे. वर आपला माणूस हवा.” त्या प्रवाशाला दोनच सूचना असत. विमान उडालं की टाचेने जमिनीवर दोनदा ठोकायचं, म्हणजे खालच्याला कळतं. आणि उतरल्यावर पळायचं नाही, पेटी घरच्यांच्या ताब्यात जाईपर्यंत थांबायचं.

“आणि नाही ठोकलं तर?” मी एकदा विचारलं.

“माझी बायको गेली तेव्हा मला त्या विमानात जागा मिळाली नाही. मी दुसऱ्या दिवशी गेलो.” ते चहात बिस्किट बुडवत राहिले. “वाटेत ती काही म्हणाली असेल, तर ते कोणी ऐकलं नाही.”

बिस्किट चहात पडलं. त्यांनी ते काढलं नाही.

दर शुक्रवारी ते आमच्याकडे चहाला यायचे आणि विषय एकच, अमेरिकेचे अध्यक्ष आणि त्यांची विमानं. हा नाद त्यांना कुठून लागला, कोण जाणे. पदावर असताना विमानात बसलेले पहिले अध्यक्ष दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत समुद्र ओलांडून गेले. त्यांना उडणं मुळीच आवडत नसे. हे सांगताना काका माझ्याकडे बघत. मला विमानाची प्रचंड भीती वाटते, हे त्यांना पहिल्याच भेटीत कळलं होतं. रिफायनरीत उंच टॉवरवर चढणारा मी, विमानात मात्र शेजाऱ्याचा हात आपला समजून धरतो.

“‘एअर फोर्स वन’ हे विमानाचं नाव नाही,” काका सांगत. “हवाई दलाच्या ज्या विमानात अध्यक्ष बसतील, त्याला तेवढ्यापुरतं ते नाव. एका अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि विमानाने घरी निघाले. ते हवेत असतानाच खाली दुसऱ्याने शपथ घेतली. विमान तेच, पायलट तोच, खुर्चीत माणूसही तोच. पण नाव गेलं. मधल्या आकाशात.”

“बाबा, ही इज सो क्रीपी,” मुलगी आतून म्हणायची, पण दार उघडं ठेवायची.

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट मारल्या गेलेल्या अध्यक्षांची. त्यांची पेटी सामानाच्या कप्प्यात ठेवायला त्यांची माणसं तयार होईनात. त्यांनी विमानातल्या मागच्या खुर्च्या उपटून काढल्या आणि पेटी वर घेतली. त्याच विमानात, उडण्याआधी, नव्या अध्यक्षांनी शपथ घेतली.

“आता सांगा, एक पुढे उभा, एक मागे आडवा. विमान कोणाचं?”

“ज्याची सही चालते त्याचं,” मी म्हणालो.

काका हसले नाहीत. “आपल्यासाठी कोणी खुर्च्या उपटत नाही. आपण खालीच. माझ्या वेळी वर कोण असेल, तेवढं कळलं असतं तर बरं होतं.”

“मी आहे ना,” मी म्हणालो. तोंडात चकली होती. अशा वेळी माणूस काय वाटेल ते बोलतो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही? तुम्हाला तर मलाच सोबत करावी लागेल.”

उन्हाळ्यात काका गेले. ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या. नाशिकला एक पुतण्या होता, तो मुंबईला पेटी न्यायला येणार होता. मुलांच्या परीक्षा होत्या, म्हणून पेटीच्या विमानाने मी एकटाच निघालो. दुपार होती, पण धुळीने सगळं पिवळं झालं होतं. सूर्य पिठात पडलेल्या नाण्यासारखा दिसत होता. विमानं खोळंबली होती. आमचं एकदाचं उडालं, आणि मी डोळे गच्च मिटून घेतले. टाच ठोकायची साफ विसरलो.

समुद्रावर विमान हादरायला लागलं. शेजारची खुर्ची रिकामी होती, त्यामुळे धरायला हातही नव्हता. आणि माझ्या तळपायाखाली, खालून, ठक ठक झालं.

सावकाश. दोनदा.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. विमानाच्या पोटात पाइप असतात, पंप असतात, सामान सरकतं, सगळं ठाऊक आहे. पण त्या क्षणी मी लहान मुलासारखी टाच उचलली आणि उत्तर दिलं. भीती गेली. आयुष्यात पहिल्यांदा मला विमानात झोप लागली.

मुंबईला मी पळालो नाही. पुतण्याबरोबर कार्गोच्या दारात जाऊन उभा राहिलो. तिथल्या साहेबांनी दोनदा तपासून सांगितलं, “या विमानात नाहीये. धुळीमुळे सगळं उशिरा झालं, पेटी चढलीच नाही. मागच्या विमानाने येतेय.”

त्या मागच्या विमानात वर आपलं कोणीच नव्हतं. एक शब्द दिला होता, तोही पाळता आला नाही. ते विमान येईपर्यंत मी त्या दारातून हललो नाही. पेटी आली तेव्हा तिच्यावर हात ठेवला. माफी मागायची होती.

एगैलाला परतल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मी म्हटलं, “काकांना एकट्याला जावं लागलं गं. मी भलत्याच विमानात बसून ठोकत राहिलो.”

“आधी ठोकलं कोणी?” तिने विचारलं.

तिने निवडलेली मेथी टोपलीत टाकली. “पेटी गेली असेल मागून. पण तुम्हाला विमानात एकट्याला भीती वाटते, हे त्यांना माहीत होतं.”