शब्बाथभर थांबलेला खेळ

बेरशेबाच्या बस स्टँडमागच्या दुकानात काउंटरवर एकाच जुन्या व्हिडिओ गेमचे तीन अवतार मांडले होते आणि माझे बाबा त्यांच्याकडे मुलीसाठी स्थळं पाहावीत तसे पाहत होते. पहिला जाडजूड, पुढे झाकण, कोपऱ्यात लाल बत्ती. दुसरा त्यानंतर निघालेला, आटोपशीर, कॅसेट वरून खुपसायची, बत्ती नाही. पूर्वी आमच्या घरी होता तो हाच. तिसरा अगदी नवा, नकली, तळहाताएवढा. खेळ जिथे सोडला तिथून पुढे चालू करायची सोय फक्त त्यात होती.

बाबा त्याच महिन्यात कारखान्यातून निवृत्त झाले होते. काय हवं म्हणून मी पेताह तिक्वाहून फोनवर विचारलं, तर म्हणाले, "ते शेवटचं दार राहिलंय बघ."  रजा टाकली आणि आले.

त्या दाराची गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. आम्ही येरुहामला राहायचो. बाबांनी माझ्या वाढदिवसाला तो खेळाचा डबा आणला आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच बळकावला. खेळात एक कंदीलवाला माणूस किल्ल्यातली दारं एकेक करून उघडत जातो. शेवटच्या दारामागे काय आहे, हे आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. डबा बंद केला की सगळं पुसलं जायचं आणि पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात.

एका शुक्रवारी आम्ही दोघं शेवटच्या दाराशी पोचलो आणि नेमकी तेव्हाच आईची हाक आली, "अहो, दिव्यांची वेळ झाली." शब्बाथ, म्हणजे आम्हा यहुद्यांचा शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, लागला की विजेच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. पण बाबांनी डोकं लढवलं. फ्रिज चालू राहतो, जेवण गरम ठेवायची प्लाटा चालू राहते, मग हा डबा का नाही? त्यांनी खेळ थांबवला, टीव्ही बंद केला, डबा तसाच चालू ठेवला आणि आम्ही दोघं अंघोळी उरकायला पळालो.

बत्ती नसल्यामुळे तो खरंच चालू आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. मनुकांच्या शरबतावर किद्दूशची प्रार्थना म्हणतानाही बाबांची नजर डब्यावर. दुसऱ्या दिवशी ते लांबून वाकून कान देत होते. मला वेगळीच काळजी. तो माणूस आत अंधारात उभा असेल का, कंदिलातलं तेल संपत असेल का?

शनिवारी तीन तारे दिसून शब्बाथ संपताच आम्ही टीव्ही लावला. काळा पडदा. प्लग भिंतीतून निम्मा बाहेर आलेला. सोफ्यामागे पुस्तक घेऊन लोळायची सवय माझी, म्हणजे प्लगला लागलेला पाय माझाच. बाबा आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. पुढे डबाही बिघडला, पण माझ्या पायाची ख्याती मात्र घरात टिकून राहिली.

तर आता बेरशेबा. मी तिसऱ्याच्या बाजूने होते. कुठेही सोडा, कधीही परत या, ना दिव्यांची घाई ना काळजी. बाबा मान हलवत म्हणाले, "हे म्हणजे पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचण्यासारखं." त्यांना बत्तीवाला हवा होता. दुकानदाराला ते विचारत होते, हा पंचवीस तास तापल्याशिवाय राहील का? कशाला, ते त्या बिचाऱ्याला कळत नव्हतं.

आमच्याबरोबर आलेल्या आईने तिसरा डबा उचलला. "मधेच बंद केला तरी विसरत नाय?"

"नाही," मी म्हणाले.

"मग हाच घ्या." तिने डबा खाली ठेवला. "त्या शुक्रवारी प्लग मीच काढला होता. दिवे लावायच्या आधी."



"सहा दिवस कारखाना. सातवा दिवस तेवढा माझा. तो पण त्या डब्याला?"

मला भयंकर राग आला. इतकी वर्षं माझा पाय बदनाम! मी भर दुकानात मराठी सोडून हिब्रूत ओरडले. बाबा मात्र आईकडे वळले. मग म्हणाले, "अगं, सांगायचंस. मी बंद केला असता."

साफ खोटं. मुळीच केला नसता.

आम्ही बत्तीवालाच घेतला. बाबांची बोटं आता आखडली होती, त्यामुळे शेवटच्या दाराशी पोचायला कित्येक आठवडे गेले. पोचले तो दिवस नेमका शुक्रवार आणि मी घरी होते. आईची हाक आली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि बंद करायच्या बटणावर अंगठा ठेवला.

"थांबा," आई म्हणाली.

फ्रिज उघडल्यावर आतला दिवा लागू नये म्हणून ती दर शुक्रवारी त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावते. तीच पट्टी तिच्या हातात होती. तिने एक लांब तुकडा फाडला, गुडघ्यांवर हात टेकत सोफ्यामागे वाकली आणि प्लग भिंतीला घट्ट चिकटवून टाकला. मग जाऊन दिवे लावले.

जेवताना बाबा मुद्दाम डब्याकडे पाठ करून बसले. सारखी वळून लाल बत्ती पाहत होती ती आई.

"आहे हो," ती म्हणाली, "चालू आहे."