दमकल काकू

"काहीतरी जळतंय."

काकूंच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. बँकेने परभणीहून उज्जैनला बदली केली, फ्रीगंजच्या शाखेत रुजू झाले आणि शहराच्या टोकाला एका घराचा वरचा मजला भाड्याने बघायला गेले. काकू घरमालकीण. त्यांनी दार उघडलं, मला नखशिखांत न्याहाळलं आणि 'ये, बस' म्हणायच्या आधी हे म्हणाल्या. मी घाबरून चारी दिशांना हुंगलं आणि सांगितलं, नाही हो, काहीच नाही. त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. मग पाणी दिलं, घर दाखवलं आणि किल्लीही दिली. मुलाखत कशाची झाली हे मला तेव्हा कळलं नाही.

हे वाक्य दिवसातून कितीही वेळा यायचं. दूधवाला आला तरी, शेजारीण विरजण मागायला आली तरी. जो कोणी दारात उभा असेल त्याने हुंगायचं, 'नाही काकू' म्हणायचं आणि आपल्या वाटेने जायचं. कॉलनीने त्यांचं नाव 'दमकल काकू' ठेवलं होतं. दमकल म्हणजे तिकडच्या हिंदीत आगीचा बंब. आमचा बंब तेवढा आग लागायच्या आधीच यायचा. नावाचा काकूंना राग नव्हता. मला मात्र या बाईचा काही थांग लागेना. घाबरट म्हणावं, तर भर दुपारी लू वाहत असताना छत्री घेऊन एकट्या टावर चौकात जाऊन येणार. नाकाच्या तिखट म्हणाव्यात, तर तेही जमेना.

कारण खरोखरीचं जळणं आमच्या मागच्या भिंतीपलीकडेच होतं. तिथून शेतं सुरू व्हायची. गहू निघाला की रानात वाळके खुंट उरतात, त्याला माळव्यात नरवाई म्हणतात. सोयाबीनसाठी रान लवकर मोकळं व्हावं म्हणून लोक ती पेटवून देतात. मनाई आहे, पण मनाईला कोण विचारतो? एप्रिल-मे महिन्यांत क्षितिजावर कुठे ना कुठे धुराची रेघ असायचीच. अशा वेळी मला वर गच्चीवर ठसका लागायचा आणि काकू खाली शांतपणे भजनं ऐकत बसलेल्या असायच्या. मी गोंधळून जायची. धूर नसताना हाकाटी आणि धूर असताना भजन, हा कुठला न्याय?

काकूंचं माहेर-सासर दोन्ही उज्जैनचं. पूर्वज शिंद्यांच्या चाकरीत इकडे आलेले, त्यामुळे बोली अर्धी मराठी आणि अर्धी हिंदी. काका रेल्वेत होते, ते गेल्यापासून घरात त्या एकट्या. मुलगा हैदराबादला. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि दर रविवारी तो म्हणायचा, आई, आता इकडे ये. काकूंचं उत्तर ठरलेलं होतं. "ज्या दिवशी माझं स्वैपाकघर मला सांभाळता नाही येणार ना, त्या दिवशी मी स्वतःच फोन करीन की ये, घेऊन जा मला. तोपर्यंत नाव नको काढू." मग तो मला फोन द्यायला सांगायचा आणि विचारायचा, ताई, आई गॅस वगैरे नीट बघते ना? मी म्हणायची, अहो, त्या तर आमच्या दमकल. आम्ही दोघं हसायचो. काकू पलीकडे गव्हातले खडे निवडत असायच्या, वर बघायच्या नाहीत.

त्यांची मला बोलवायची एक तऱ्हा होती. कालची आमटी वाटीत घेऊन जिन्याशी उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, चाखून बघ गं, कशी लागते. एरवी कधी दूध, कधी खोबरं. आंबलेलं असेल तर मी सांगायची आणि त्या निमूटपणे ओतून द्यायच्या. मला वाटायचं, माया आहे, शिवाय परभणीकरणीच्या जिभेचा मान आहे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आम्ही काही उगाच मिरवत नाही.

कूलरचा मामला याहून विचित्र. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांनी कूलरला नवी खस, म्हणजे वाळ्याची ताटी, लावून घेतली आणि कौतुकाने मला खाली बोलावलं. "बस जरा. काय खुशबू येऊन राहिली आहे बघ." मला तर कुबट पाण्याचा वास येत होता. खसवाल्याने जुनीच ताटी धुऊन गळ्यात मारली होती, हे उघड होतं. पण काकू डोळे मिटून इतक्या समाधानाने बसल्या होत्या, की मी माझ्याच नाकावर शंका घेतली. खरबुजांच्या बाबतीत मात्र त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. एकेक खरबूज नाकाशी धरायच्या, खाली ठेवायच्या, आणि निवडतील ते साखरेसारखं निघायचं. मग खसच्या वेळी काय झालं होतं? मी विचार करणं सोडून दिलं.

त्या वर्षीचा मे परभणीच्या मे महिन्यालाही लाजवणारा होता. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे. अशाच एका रविवारी दूर कोणीतरी नरवाई पेटवली आणि वारा फिरला. मी वर कपडे वाळत घालत होते. बघता बघता धूर भिंतीशी आला, पाठोपाठ कडकड आवाज आला आणि मागच्या रिकाम्या प्लॉटमधलं वाळकं गवत पेटलं. मी ओरडत जिना उतरले.

मागच्या खोलीत काकू कूलरसमोर बसल्या होत्या. खिडकीतला तो कूलर बाहेरचा सगळा धूर आत ओढून त्यांच्या तोंडावर सोडत होता. खोलीत श्वास घेववत नव्हता. काकूंच्या मांडीवर गव्हाचं सूप होतं. कूलरच्या घरघरीत माझं ओरडणं त्यांना ऐकू आलंच नव्हतं. पदराने डोळे पुसत त्या मला म्हणाल्या, "ऊन फार झालं गं आज. डोळे बघ कसे चुरचुरतात. जेवलीस का तू?"

मी उभीच राहिले. या बाईने मला रोज हुंगायला लावलं होतं. आज घर पेटायची वेळ आली होती आणि ती मला जेवलीस का विचारत होती. मग कूलरच्या मागे खसची कड लाल झालेली दिसली आणि मी त्यांना दंडाला धरून ओढतच बाहेर काढलं. शेजाऱ्यांनी ओली पोती आपटून आपटून आग भिंतीपाशी रोखली. दमकल आली तेव्हा विझवायला फारसं उरलं नव्हतं. मेंदीचं कुंपण गेलं, कूलर गेला, मागची भिंत काळी पडली. शेजारच्या भैय्यांनी चेष्टा केली, "क्या काकू, आज तो आपने बताया ही नहीं." काकू हसून म्हणाल्या, नींद लग गई थी. गहू अजून त्यांच्या लुगड्याला चिकटलेले होते.

संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना त्या आपणहून बोलल्या. "माझं नाक गेलंय गं. केव्हाचंच. तो एक ताप आला होता ना, त्याच्यानंतर काही म्हणजे काही येत नाही. ना दूध उतू गेल्याचा, ना गॅसचा." मग म्हणाल्या, "पोराला कळलं तर उद्या गाडीत बसवेल मला."

म्हणजे इतकी वर्षं त्या बातमी देत नव्हत्याच, विचारत होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाक क्षणभर उसनं घेत होत्या आणि आम्ही त्यांनाच दमकल म्हणत होतो. मी खरबुजांचं विचारलं. त्या हसल्या. "खरबूज नाकाशी धरायचं आणि विकणाऱ्या भैय्याच्या तोंडाकडे बघायचं. माल खराब असला की तो दुसरीकडे बघायला लागतो." खसवाल्याच्या वेळी? तो म्हणे पाठमोरा बसून काम करत होता.

आगीचं ऐकून मुलाचा फोन आला तेव्हा मीही म्हणाले, काकूंचा डोळा लागला होता. बरोबर केलं की चूक, मला अजूनही ठरवता येत नाही. त्या रात्री झोप आली नाही, एवढं खरं. गॅस गळला की वाजणारं एक यंत्र मी विकत आणलं. काकूंनी ते परत करायला लावलं. पोराने बघितलं तर काय सांगू, म्हणाल्या. मग मीच ते यंत्र झाले. सकाळी निघण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर स्वैपाकघरात उभी राहून हुंगायची आणि 'सब ठीक' म्हणायची. दुपारचा चहा मी येईपर्यंत त्यांनी बंद केला. इतकी साधी जबाबदारी, पण बँकेत बसल्या जागी मला मधेच जळका वास यायचा आणि मी दचकायची.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. बढतीवर, घराजवळ. पेढे घेऊन खाली गेले. काकूंनी तोंडभर आशीर्वाद दिले. मी म्हटलं, नवीन भाडेकरू येईल तिला नीट समजावून सांगते. त्या नको म्हणाल्या. "किती जणांना सांगत बसायचं? आणि सांगितलेल्या गोष्टीला पाय फुटतात." दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता, तरी त्यांनी स्वतः मुलाला फोन लावला. "ये, घेऊन जा मला. गर्मी सहन नाही होत आता."

कॉलनी चाट पडली. जन्म इथल्या उन्हात काढलेल्या बाईला आता गर्मी होते? मुलगा तर फोनवर दोनदा विचारत राहिला, नक्की ना? मला कारण ठाऊक होतं, म्हणून मी सर्वांत जास्त गोंधळले होते. बढतीचा आनंद मानावा की नाही, तेच कळेना.

त्या माझ्याआधी निघाल्या. स्टेशनवर दुपारची गाडी होती, फलाट तव्यासारखा तापला होता. मुलगा सामान चढवत होता. मी राम घाटावरून येताना मोगऱ्याचा गजरा आणला होता, तो त्यांच्या हातात दिला. काकूंनी सवयीने तो नाकाशी धरला, आणि सवयीनेच माझ्या तोंडाकडे बघितलं.

मी रडत होते.

काकूंनी गजरा जरा खाली घेतला. त्यांना काही कळेना. मुलाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "का गं? वास नाही का चांगला?"