ओळंब्याचा हात

कारखान्यात त्याला सगळे ओळंबा म्हणत. गवंड्याच्या दोरीचं वजन एकदा थांबलं की तसूभर हलत नाही, तसा त्याचा हात. पितळी झडपांचे भाग टोपलीत भरायचे, टोपली द्रावाच्या गरम टाकीत बुडवायची, वंगण सुटलं की वर काढायची. एकतीस वर्षं त्याने हेच केलं. टाकीतून गोडूस वाफ निघायची. नवा माणूस आठवडाभर डोकं धरून बसायचा आणि ओळंबा हसायचा. नाकाला सवय लाव, म्हणायचा, बाकी अंग आपोआप शिकतं.

त्याच टाकीवर त्याने धाकट्या भावाला चिकटवलं, मालकाच्या हातापाया पडून. एका आईच्या पोटचे, एका टाकीच्या दोन कडांना उभे.

तपासणीचे साहेब आले की मालकाचा खेळ ठरलेला. कप काठोकाठ चहाने भरायचा आणि ओळंब्याने तो टाकीपासून दारापर्यंत न्यायचा. चाळीस पावलं, बशी कोरडी. इतकी वर्षं वाफ खातोय, बघा, असं मालक म्हणायचा. साहेब तोच चहा पिऊन शेरा मारायचे. ओळंब्याची छाती फुगायची. घरी तो हे दर वेळी नव्याने सांगायचा. बायको म्हणायची, हात एवढा गुणाचा आहे तर पिठाचा डबा तेवढा न सांडता उतरवा.

टाकीवरच्या सतराव्या वर्षी धाकट्याचा अंगठा थरथरू लागला. मग हात. मग पाय फरफटू लागले, आणि चेहरा असा थिजला की रुसलाय की हसतोय कळेना. लोकांनी फुकटात निदान केलं: घेतो. ओळंब्यालाही ते पटलं. एका दुपारी त्याने चारचौघांत भावाचं तोंड हुंगलं. वास टाकीचाच आला, तरी सुनावायचं ते त्याने सुनावलंच.

"माझ्याकडे बघ. माझं काय वाकडं झालंय?"

"तुझं कुठे काय होतंय, दादा," धाकटा म्हणाला. "तू ओळंबा."

धाकट्याच्या बायकोने अर्ज केला. दुखणं टाकीचं आहे, तशी नोंद करा. म्हणजे औषधपाणी कारखाना करील आणि टाकीवर झाकण तरी बसेल. साहेब आले. मालकाने कप मागवला.

हा कप कशासाठी, हे न कळण्याइतका ओळंबा खुळा नव्हता. जरा मनगट वाकवलं असतं तर भागलं असतं. पण सगळा कारखाना बघत होता, आणि त्याला दुसरं येत तरी काय होतं? भावासमोरून तो चाळीस पावलं चालला. बशी कोरडी. साहेबांनी लिहिलं: आजाराचा कामाशी संबंध दिसत नाही.

दोन महिन्यांनी तो धाकट्याला घेऊन मोठ्या इस्पितळात गेला. मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंनी दुखणं टाकीच्या वाफेचंच ठरवलं, तेव्हा त्याने विचारलंच, मग मला का नाही? बाईंनी चुलीचा दाखला देऊन समजावलं. पेशी प्राणवायू वापरते तेव्हा ठिणग्या उडतात. त्या विझवायला आणि आलेलं विष मोडायला शरीरात विकरं असतात, घरात राबणारी माणसं म्हणा. विष रोज आलं की ठिणग्या वाढतात, राबणारे कमी पडतात. मेंदूतली जी पेशी जळाली ती परत येत नाही. कुणाच्या घरी राबणारे दहा, कुणाच्या घरी चार. सख्ख्या भावांतसुद्धा.

"म्हणजे यात माझं काहीच नाही?" ओळंब्याने विचारलं.

"काहीच नाही. तुम्ही तसे जन्मलात."

दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या कचेरीत जाऊन उभा राहिला. म्हणाला, माझा हात पुरावा नाही, ते नुसतं नशीब आहे, तसं लिहा. साहेबांनी चष्मा पुसला. "नशीब कुठल्या रकान्यात लिहू?"

टाकी अजून उघडीच आहे. ओळंब्याने काम सोडलं, त्याच्या जागी तिसऱ्या दिवशी दुसरा उभा राहिला. आता तो संध्याकाळी धाकट्याकडे जातो. धाकट्याला चमचा धरता येत नाही, म्हणून तोच आमटी भरवतो. शब्द फुटायला धाकट्याला वेळ लागतो. परवा त्याने अर्धी वाटी संपेपर्यंत एक वाक्य जुळवलं.

"दादा, साहेब नाहीत इथे. थोडी सांडलीस तरी चालेल."

ओळंब्याने चमचा भरला, काठोकाठ, आणि त्याच्या तोंडाशी नेला. थेंबही सांडला नाही.