राखाडी दिसलेला पतंग

पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं वायरिंग केलेल्या त्या माणसाला सगळे उस्ताद म्हणत. महिन्याभरापासून मात्र त्याचं कशातच चित्त नव्हतं. दहा वर्षं त्याच्यासोबत काम करणाऱ्या जोडीदाराला, हसऱ्याला, पंपघरातला दिवा बदलताना शॉक बसला होता. उजवा हात पार भाजला. "बटण बंद केलं होतं हो मी!" असं तो कळवळून सांगत राहिला, पण वायरिंग उस्तादने अलीकडेच नव्याने केलेलं, त्यात चूक निघेलच कशी? चौकशीत हसऱ्याचा निष्काळजीपणा ठरला आणि त्याला घरी बसवलं. उस्ताद तेव्हा चकार शब्द बोलला नव्हता.

रविवारी सकाळी तो टेकडीमागच्या रानात एकटाच भटकत होता. एका झुडपावर भला मोठा पतंग बसलेला दिसला. वीतभर रुंद, पंखांवर चार गोल डोळे. हात पुढे केला तरी जागचा हलेना. उस्तादने फोनवर फोटो काढला आणि घर गाठलं.

मुलगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. ती पेपर तपासत बसली होती. तिने एक जाडजूड पुस्तक पुढे सरकवलं. त्यात चित्रं नुसती शाईने काढलेली, रंग शब्दांत लिहिलेले. तो तासभर पानं उलटत होता.

"घडण अगदी या रानरेशमाच्या पतंगाची गं. पण नर विटकरी असतो म्हणे, मादी पिवळट. माझा तर राखाडी. नवीनच काहीतरी सापडलंय!"

तिने फोटो पाहिला. "बाबा, थट्टा करताय का? चांगला विटकरी आहे की. मिशा बघा, पिसांसारख्या. नरच हा."

तो हसला नाही, तेव्हा ती चपापली. तिने हातातलं पेन वर धरलं. "हे कुठल्या रंगाचं?"

"काळं."

"लाल आहे, बाबा."

उस्तादचा चेहरा उतरला. "ऊठ. पंपघरात चल."

तिथे मेन स्विच बंद करून त्याने बटणाची पेटी उघडली. "बटणावर कुठली वायर आलीये, सांग."

"काळी."

तिथे वीज आणणारी लाल हवी होती. उलटी जोडली तर बटण बंद केलं तरी दिव्यापर्यंत वीज राहतेच.

सोमवारी तो इंजिनिअरसाहेबांपुढे उभा राहिला. साहेब म्हणाले, "मिटलेलं कशाला उकरता? दोन वर्षांत निवृत्त व्हाल."

"चूक माझी आहे, साहेब. तसं लिहून घ्या."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी नस कमजोर झाल्याचं सांगितलं. रंग परत येतील याची खात्री त्यांनी दिली नाही. उस्तादला वायरिंगवरून काढून सामानाच्या खोलीत बसवलं. त्याने जोडलेली प्रत्येक पेटी दुसऱ्यांनी उघडून तपासली. आणखी दोन उलट्या निघाल्या. हसऱ्याला परत बोलावणं गेलं, पण त्याची बोटं अजून मिटत नव्हती.

उस्ताद त्याच्या घरी गेला. हसऱ्याने दार उघडलं, बसायला खुर्ची दिली.

"तेव्हा एकदा तरी म्हणायचं होतंत, की हा खोटं बोलत नाही म्हणून," तो म्हणाला.

उस्ताद खुर्चीवरून उठला आणि चालत घरी आला.