वीस वर्षं झोपलेली गाडी

नेव्हिओ न्हावी आयुष्यात एकदाच श्रीमंतासारखा वागला, आणि ते त्याने पुढे जन्मभर कुणाला विसरू दिलं नाही.

पेट्रोल भडकलं त्या वर्षीची गोष्ट. गावातल्या फरशी कारखान्याच्या मालकाला आपली दोन माणसांची राखाडी लान्चिया गाडी नकोशी झाली होती. रविवारी गाड्या काढायला सरकारची बंदी, आणि संपाच्या दिवसांत असली गाडी फाटकाबाहेर आणायची म्हणजे दगडांना आवतण. कवडीमोलाने विकत होता. नेव्हिओने आपली मोटरसायकल विकली, बायकोचं शिलाई मशीनही तिला न विचारता विकलं आणि गाडी दारात आणून उभी केली. योले महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. मग एका शनिवारी त्याने तिला शेजारी बसवून रिमिनीला समुद्रावर नेलं, तेव्हा कुठे बाईचं तोंड उघडलं.

वीस वर्षं त्याने ती गाडी जिवापाड जपली आणि पोटभर चालवली. मग मुलीच्या घरासाठी विकली. घेणाऱ्याने ती पुढे विकली, आणि फिरत फिरत ती बास्सोली नावाच्या दातांच्या डॉक्टरकडे गेली. नेव्हिओकडे उरल्या त्या गोष्टी. त्या ऐकून ऐकून बारमधल्या लोकांचे कान किटले होते.

यंदा वसंतात योले बाजारात गेलेली असताना बास्सोली स्वतः घरी आला. हातात मिठाईचा खोका.

"मास्तर, तुमच्याकडे असताना गाडी किती फिरली हो?"

"फिरली कसली, पळाली. फुताचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढायची."

किडलेली दाढ दिसावी तसं डॉक्टरने तोंड केलं. "हे कुणाला बोलू नका. चाललेल्या गाडीला आज कोण विचारतं? लोकांना झोपलेली गाडी हवी. कोठारात पडून राहिलेली, टपावर कोंबड्या बसलेली. सप्टेंबरात तुमच्याच गावच्या चौकात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. जशीच्या तशी राहिलेल्या गाडीला पहिलं बक्षीस. किलोमीटरचा काटा तर कधीचाच बंद पडलाय. आता बोलणारे तेवढे तुम्ही उरलात."

"आणि मला काय?"

"काय हवं?"

नेव्हिओला विचार करावा लागला नाही. "एक फेरी. चौकाभोवती. मी चालवणार, योले शेजारी."

"एवढंच ना? दिली."

योलेला त्याने खोट्याचं काही सांगितलं नाही. एकदा ती शेजारी बसली की सगळं पोटात घालेल, असा त्याचा हिशेब. फेरीचं मात्र बारमध्ये त्याच दिवशी जाहीर करून टाकलं.

"येऊ की बघायला," लेआर्को म्हणाला. हा त्याचा पत्त्यांतला जुना जोडीदार, आणि नेव्हिओमुळेच आपण हरतो असं उभा जन्म मानणारा. "भिंतीवर घातलीस तर तेवढीच करमणूक."

प्रदर्शनाच्या रविवारी नेव्हिओने लग्नातला सूट घातला. योलेने केस कुरळे करून घेतले, वर नवा रेशमी रुमाल बांधला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली. कर्ण्यावरून गाडीच्या आजवरच्या मालकांची नावं सांगितली गेली. नेव्हिओचं नाव आलं, आणि ध्वनिक्षेपक त्याच्या हातात आला.

"गाडी कोठारातच होती," तो म्हणाला. "वर कोंबड्या बसायच्या."

परीक्षक बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वीस वर्षांत एकदाही चालवावीशी वाटली नाही?"

एवढ्यावर गप्प बसला असता तरी भागलं असतं. पण दाढी करताना तोंड चालू ठेवायची सवय. गिऱ्हाइकाला खूश केल्याशिवाय त्याच्याने राहवेना.

"चालवणार कशी, बाई? मला गाडी चालवताच येत नाही."

चौक खळखळून हसला. बारवाल्यांच्या टेबलाला आधी पटेना, मग हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. योले तेवढी हसली नाही. बास्सोलीला पहिलं बक्षीस मिळालं.

टाळ्या थांबल्यावर नेव्हिओ गाडीच्या दाराशी गेला. "डॉक्टर, आमची फेरी."

बास्सोलीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि परीक्षकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "मास्तर, तुम्हाला चालवता येत नाही ना? आत्ताच तर सगळ्या गावाला सांगितलंत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. नेव्हिओचा चेहरा पांढराफटक पडला. तो बारवाल्यांकडे वळला. "लेआर्को, सांग ना यांना. तू पाहिलंयस मला."

लेआर्कोने सावकाश ओठ पुसले. "पाहिलंय की. सायकलवर."

पुन्हा हशा. बास्सोलीला आता उदार व्हायला काहीच हरकत नव्हती. त्याने शेजारचं दार उघडलं. "बाईंना मात्र मी फिरवून आणतो. याल ना?"

योले उठली. नेव्हिओने तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने त्याला वळसा घातला, गाडीत बसली आणि रुमालाची गाठ घट्ट केली.

"येते की, डॉक्टर," ती म्हणाली. "या गाडीतून मला आजवर कुणी कुठे नेलंच नाही."

गाडी निघाली. डॉक्टर दुसरा गिअर उशिरा टाकत होता आणि इंजिन कण्हत होतं. ते चौकात फक्त नेव्हिओला कळत होतं, आणि त्याला ते आता कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.