नऊ कोसांचा सौदा

सोमला नाईकाने मला तीन कोसांनी फसवले. एक कोस म्हणजे दोन मैल, तीन कोस म्हणजे सहा मैल, आणि ते सहाच्या सहा मैल मी स्वतःच्या पायांनी तुडवले आहेत. आता हकीकत ऐका.

फाल्गुनात हळद उकडून वाळत पडली होती. माझे मेव्हणे किशनराव कुरुंद्याला आले आणि मला दुकानात गादीवर पाहून म्हणाले, "दाजी, डोक्यावर घोंगड्यांचं गाठोडं घेऊन गावोगाव फिरनारे ते तुमीच का? आता तर उठवायला दोघं लागून राहिले."

समोर चार गिऱ्हाइके बसलेली. मी भडकलो. "कुरुंद्याहून औंढा! सडकेनं न्हाई, डोंगरातून. उजाडता निघतो अन् देवळात दिवा लागायच्या आत पोचतो. न्हाई पोचलो तर ही मिशी तिथंच उतरवतो."

ही मिशी मी पहिले दुकान थाटले त्या वर्षी ठेवली. गाठोडे वाहणाऱ्या माणसाला मिशी ठेवून चालत नसे, असे मला तेव्हा वाटे. म्हणजे बोललो ते काही लहानसहान नव्हते.

वाट विचारायला मी सोमला नाईकांच्या तांड्यावर (लमाणांच्या वस्तीवर) गेलो. त्यांचे वाडवडील बैलांवर मीठ लादून याच खोऱ्यांतून ये-जा करीत. नाईक आता शेती करतात. त्यांनी घोंगडीवर ज्वारीचे दाणे मांडून वाट दाखवली. हा नाला, हे सागाचे रान, ही गढी, हे औंढा.

"बारा कोस," ते म्हणाले.

मी बाजारात वाढलेला माणूस. कोणी बारा म्हटले की माझा हात आपोआप उपरण्याखाली जातो. आमच्याकडे बैलाचा भाव तसाच ठरतो. कापडाखाली एकमेकांची बोटे दाबायची, तोंडाने बोलायचे नाही. मी नाईकांचा हात धरला आणि आठ सांगितले. ते अकरावर आले. मी रोखून पाहिले. ते दहावर आले. मी उठायचे सोंग केले, तेव्हा म्हातारा हसला आणि नऊवर उतरला. आठही करून घेतले असते, पण म्हटले वडीलधारे आहेत, राहू दे.

नऊवर मी सगळा बेत आखला. सहा कोसांवर गढीच्या गावात जेवण, मग डुलकी, मग उरलेले तीन कोस रमतगमत. नाईक वाट दाखवायला सोबत येणार होते.

उजाडता निघालो. किशनराव दमणीतून (हलक्या बैलगाडीतून) सडकेने गेले, सोबत न्हावी घेऊन. न्हाव्याने मला रामराम केला, पण नजर मिशीवर.

काय ते रान! पळसाला पान एक नाही, नुसती फुले. सागाची वाळलेली पाने पायाखाली पापडासारखी मोडत होती. मोहाच्या झाडाखाली इतका गोड वास की डोके हलके झाले. मी मोठ्याने गाऊ लागलो आणि पोपटांचा एक थवा उठून पलीकडच्या खोऱ्यात गेला. "जनावर समजले आसतील," नाईक म्हणाले. नाल्यात माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. नाईकांनी पळसाची मुळी ठेचून धागा काढला आणि तो असा आवळला की आजही पक्का आहे.

गढीच्या गावात ढासळलेल्या बुरुजावर शेळ्या चरत होत्या. हत्ती कोरलेल्या जुन्या दगडावर एक म्हातारी लुगडे आपटत होती. तिनेच आम्हाला भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा आणि ताक दिले. मी पोटभर जेवून बुरुजाच्या सावलीत ताणून दिली. उठलो तेव्हा सावली माझ्यावरून निघून पार पिंपळापर्यंत गेली होती.

"औंढा आता तीन कोस, न्हाई का मावशी?"

"सहा."

"सहा कसले! चार म्हना."

"म्हनते की चार. पन पाय तुजे हायेत, लेकरा."

मी नाईकांकडे वळलो. ते पागोटे बांधून, काठी घेऊन तयार बसले होते.

"नाईक! नऊ ठरले व्हते!"

"व्हय, बराबर. सौदा झाल्यावर मी फिरलो का? वाटंत एकदा तरी बारा म्हनलो का? जबान म्हंजे जबान."

"मंग मला झोपू काहून दिलं?"

"तुमचे तीनच उरले व्हते, शेटजी. माझे सहा उरले व्हते, म्हनून मी न्हाई झोपलो."

पळालो. घसरणीवर पालापाचोळ्यावरून बसून घसरत गेलो, धोतर फाटले, नाईक मागून ओरडत होते, "सावकाश, शेटजी, डोंगर कुटं चालला न्हाई!" मला रागही येत होता आणि हसूही. हसता हसता उचकी लागली, ती दोन खोरी थांबली नाही. शेवटच्या चढावर सूर्य अगदी टेकला होता, आणि खाली औंढ्याच्या देवळाचे शिखर दिसले तेव्हा मी टोपी हवेत उडवली. ती काट्यात अडकली. काढायला थांबलो.

देवळाच्या दारासमोर आलो आणि आत दिवा लागला. दहा पावले कमी पडली.

न्हाव्याची वाटी पाण्याने भरलेली होती. "किशनराव, आर्धी उतरवू," मी म्हणालो आणि सवयीने त्यांच्या उपरण्याकडे हात नेला. त्यांनी उपरणे ओढून घेतले. "याचा भाव व्हत न्हाई, दाजी."

दुसऱ्या दिवशी दमणीतून सडकेने परत आलो. ओठावर वारा लागत होता, तशी मला गंमत वाटत होती. पोटऱ्या ठणकत होत्या, पण त्या अजून माझ्याच आहेत हे कळले. गादीवर बसून ते कळले नसते. इतका खूश मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो.

पण म्हणून मी विसरणार नाही. सोमला नाईक, ते बारा कोस डोंगराचे होते. त्यातली हातभर जागाही तुमच्या मालकीची नव्हती. मागितले मी, हे खरे. मागणे हा माझा धंदा आहे. पण जे तुमचे नव्हतेच, ते तीन कोस तुम्ही मला सोडले कोणाला विचारून? कुरुंद्याच्या भर बाजारात या, आणि चार माणसांसमोर याचा जाब द्या.