उलट्या खाचांचा कप्तान

माझे भावोजी कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा पाठवतात, भावोजी त्यात प्लास्टर ओततात आणि त्यावर कुणाचं तरी गेलेलं हसू परत उभं करतात. एका अरुंद गल्लीतली लांबट खोली ही त्यांची लॅब. टेबलावर जबडे ओळीने मांडलेले, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा पांढरी पूड. ओळखीतले त्यांना 'कवळीवाला' म्हणतात. त्याचं त्यांना कधीच वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टींचं.

लहानपणी त्यांनी एक सिनेमा पाहिला होता. बर्फाच्या ग्रहावरची एक खाण आणि तिच्यावर पहारा देणारे राखाडी चिलखतातले पहारेकरी. सिनेमा साफ पडला, पण ज्यांच्या डोक्यात बसला त्यांच्या डोक्यातून उतरला नाही. चाळिशी उलटल्यावर भावोजींनी त्या पहारेकऱ्याचं चिलखत स्वतःसाठी बनवायला घेतलं. कवळीचंच तंत्र, फक्त मापं मोठी. आधी मातीचा आकार, मग प्लास्टरचा साचा, मग त्यावर तापवून बसवलेलं प्लास्टिक. छातीवरची पट्टी जराशी तिरकी बसली होती म्हणून मी ती दाखवली, तर म्हणाले, "सिनेमातही तिरकीच आहे. शूटिंगच्या गडबडीत कुणीतरी तशी चिकटवली असणार. पण आता तेच बरोबर."

त्यांच्यासारख्याच वेड्यांचा एक गट आहे. महिन्यातून एकदा सगळे एका शाळेच्या हॉलमध्ये जमतात आणि अधूनमधून हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डात चिलखतं घालून जातात. पण आधी पास व्हावं लागतं. एक निवृत्त चित्रकला शिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते सिनेमातले फोटो हातात धरून चिलखत तपासतात. मास्तरांना शंका आली की ते भावोजींकडे बघायचे. भावोजी डोळे बारीक करायचे, "दोन सूत वर हवं होतं," म्हणायचे, आणि विषय संपायचा.

माझी ताई पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. भावोजींच्या चिलखताखालचा काळा पोशाख तिनेच शिवला. चिलखत एकट्याने घालता येत नाही. पाठीचे पट्टे, खांद्याची बकलं, मानेची कडी, सगळं दुसऱ्याने लावावं लागतं. ते ताई करायची. हेल्मेटातून पायाखालचं दिसत नाही, म्हणून त्यांच्या कोपराला धरून चालायची आणि मधूनच मानेखालून स्ट्रॉ घालून पाणी पाजायची. गटात तिला सगळे वहिनी म्हणत. वहिनी पिशव्या सांभाळतात, वहिनींकडे सेफ्टी पिना असतात, एवढीच तिची ओळख.

एकदा हॉलमध्ये कप्तानाचा विषय निघाला. त्या सिनेमात पहारेकऱ्यांचा एक कप्तान आहे. त्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही आणि तो पडद्यावर येतो तोही दोन-तीनदाच. इतकी कमी माहिती, म्हणून त्याच्या वाटेला कुणी गेलं नव्हतं. ताई पिशवी आवरत होती. तिथूनच म्हणाली, "मी करून बघू?"

सगळे हसले. भावोजीही हसले. "कर की," म्हणाले. "पडद्याचं कापड उरलंय ना घरी?"

ताईने ते मनावर घेतलं. ती साच्याच्या वाटेला गेलीच नाही. तिने फोमच्या शीट आणल्या, कागदी पॅटर्न काढले आणि सोफ्याचं कव्हर बेततात तसं चिलखत बेतलं, हीट गनच्या गरम हवेने फोमला बाक दिला. फोम म्हणजे लहान मुलांच्या स्नेहसंमेलनाचा माल, असं भावोजींचं मत होतं आणि ते त्यांनी दोनदा बोलूनही दाखवलं. ताई सिनेमा थांबवून थांबवून बघत बसली. आणि एक दिवस तिने त्यांना हाक मारली.

"अहो, इकडे या. कप्तान खुर्चीत बसतो ना, तेव्हा पोटावर बघा. चिलखत दुमडतंय. कडक नाहीच ते. रबर नाहीतर फोमच असणार."

भावोजींनी तो सिनेमा किती वेळा पाहिला होता, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. ती घडी त्यांना कधी दिसली नव्हती. "हं," एवढंच म्हणून ते हात धुवायला निघून गेले.

तिथून त्यांच्या पोटात दुखायला लागलं. ताईने ती घडी गटाला दाखवली आणि घरचा फोन वाजायला लागला. भावोजींनी उचलला की पलीकडून, "वहिनी आहेत का?" मास्तरांनी तर तिच्या पॅटर्नचे फोटो मागवले. मी जेवायला गेले की भावोजी मला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आमच्याकडे आता कप्तान राहतात. आम्ही आपले शिपाई. भाजी वाढून घेतो आमची आम्ही." ताई हसायची. तिला ती थट्टाच वाटायची. मला मात्र त्यांचा घास तोंडात फिरताना दिसायचा.

हेल्मेट मात्र फोमचं जमेना. ताईने मातीत आकार घडवला आणि साचा करून द्यायला त्यांनाच सांगितलं. भावोजींनी तो लॅबमध्ये नेला. हात लावताक्षणीच त्यांच्या लक्षात आलं. कप्तानाच्या हेल्मेटच्या एका गालावर तीन खाचा आहेत, दुसऱ्यावर दोन. ताईने तीन खाचा उजव्या गालावर कोरल्या होत्या, कारण सिनेमात गाल ओझरतेच दिसतात आणि पोस्टरवर, जिथे ते स्वच्छ दिसतात, तिथे तशाच आहेत. पण पोस्टर छापताना चित्र उलटं झालं होतं. पोस्टरवर कप्तानाची बंदूक डाव्या हातात आहे आणि सिनेमात उजव्या. म्हणजे तीन खाचा डावीकडे हव्या होत्या. हे जगात कुणाला माहीत असो-नसो, कवळीवाल्याला माहीत होतं.

"सांगणार होतो गं," पुढे एकदा ते मला म्हणाले. "रोज घरी जाताना ठरवायचो. मग दारातूनच ऐकू यायचं, फोनवर कुणीतरी तिचं कौतुक करतंय. की जीभ टाळ्याला चिकटायची."

साचा त्यांनी उत्तम केला. अगदी मन लावून. हेल्मेट तयार झालं तेव्हा ताईने ते मांडीवर घेतलं आणि विचारलं, "बरोबर झालंय ना? बघा हं, तुमच्याइतकं कुणाला कळत नाही यातलं."

"छान झालंय," भावोजी म्हणाले.

तपासणीच्या दिवशी मीही गेले होते. त्या दिवशी पहिल्यांदाच पट्टे बांधायचं काम भावोजींकडे आलं. त्यांना ते जमेना. कवळीच्या तारा वाकवणारी बोटं, पण बकलं निसटत होती, आणि ताई आतून सांगत होती, "आधी डावं, मग उजवं, ओढून मग दाबा."

ती हॉलमध्ये शिरली आणि बोलणी थांबली. ताई उंचीने बेताची, पण त्या चिलखतात ती कुणी वेगळीच दिसत होती. चालताना पोटावरची घडी पडायची आणि परत सपाट व्हायची, सिनेमात पडते तशी. कुणीतरी हळूच शीळ घातली. मास्तर पोस्टर घेऊन तिच्याभोवती फिरले. खांदे पाहिले, पट्टा पाहिला, गाल पाहिले. पोस्टरशी सगळं तंतोतंत जुळत होतं. मास्तरांनी चष्मा काढला.

"मला काही खोट काढता येत नाही बुवा," ते म्हणाले. "पास."

टाळ्या सुरू झाल्या आणि त्या टाळ्यांतून भावोजींचा आवाज आला. "गाल उलटे आहेत."

सगळे वळले. भावोजी पोस्टरची भानगड सांगत पुढे आले. आवाज नेहमीचाच, डोळे बारीक केलेले. मास्तरांनी लॅपटॉपवर सिनेमा लावला. बंदूक उजव्या हातात, तीन खाचा डावीकडे. मास्तर खजील होऊन म्हणाले, "वहिनी, आता पास करता यायचं नाही हो."

ताईने हेल्मेट काढलं नाही. आतूनच विचारलं, आवाज डब्यातून आल्यासारखा. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"आत्ताच दिसलं."

"साचा तुम्ही केलात," ताई म्हणाली. "प्रत्येक खाचेतून तुमचं बोट फिरलंय."

हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघेना. भावोजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पट्टे सोडायला ते पुढे झाले, तर ताई म्हणाली, "नको. तिला बोलवा." मग मी पुढे झाले.

घरी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मला वाटलं. ताईने ते हेल्मेट कपाटावर ठेवून दिलं आणि जेवणाच्या टेबलावर नवं कापायला घेतलं, ह्या वेळी फोमचंच. जे जमत नव्हतं ते रागाने जमवलं. बोलणं सगळं माझ्यामार्फत. भावोजी म्हणत, "तुझ्या ताईला सांग, हनुवटीला हीट गन जास्त लागतेय." ताई दोन हातांवरून म्हणे, "त्यांना सांग, मला दिसतंय." पट्टे लावायला मी जायला लागले, तर भावोजी दारात उभे राहून मलाही नावं ठेवायचे. मग मलाच हसू यायला लागलं. माझ्यावरसुद्धा जळत होते बिचारे.

शेवटी एका रविवारी चहा घेताना ते थेट तिलाच म्हणाले. कप खाली ठेवला नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. "मी जळलो तुझ्यावर. अजून जळतोय. जात नाहीये ते."

ताईने कात्री बाजूला ठेवली. "एवढी वर्षं तुमची कोपरं धरून चालले," ती म्हणाली, "तेव्हा मला काय वाटायचं, ते विचारलंत कधी?"

भावोजींनी कप खाली ठेवला. मला वाटतं, हा प्रश्न त्यांना ताईच्या यशापेक्षा जास्त लागला.

"जळायचं तर जळा," ती म्हणाली. "पण चूक दिसली तर मला घरात सांगा. चारचौघांत नाही."

पुढच्या तपासणीत ती पास झाली. हॉस्पिटलमध्ये आता कप्तान पुढे असतो आणि पहारेकरी मागे, कारण सिनेमात तसंच चालतात आणि तो नियम भावोजींनीच गटाला कधीकाळी पटवून दिला होता. मुलं फोटोसाठी कप्तानाभोवती गोळा होतात. भावोजी भिंतीशी ताठ उभे असतात, आणि हेल्मेटाच्या आत काय चेहरा असतो ते कुणाला दिसत नाही.

हल्ली त्यांनी स्वतःसाठी दुसरा कप्तान करायला घेतलाय. फोमचा. ताईकडे पॅटर्न मागितला तर ती म्हणाली, "तुमचा तुम्ही काढा." तीनदा काढून झाला, तिन्ही वेळा बगलेपाशी फोम चुरगळला. परवा मी गेले तेव्हा भावोजी कात्री हातात घेऊन बसले होते आणि ताईचं चिलखत समोरच्या खुर्चीवर पालथं घातलं होतं.

"पाठीचा जोड बघितलास?" ते मला म्हणाले. "कुठे सुरू होतो, कुठे संपतो, काही पत्ता लागत नाही." बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग चिडल्यासारखे म्हणाले, "कसं काय जमतं हिला!"